डागडुजीचें नीतिशास्त्र

गळक्या भांड्याचा दृष्टान्त नीतिचर्चेंत फार जुना आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादांत असंयमी मनुष्याच्या चित्ताला गळक्या घागरीची उपमा दिलेली आहे. आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत एका जरी इंद्रियाला बाहेरची वाट मिळाली तरी मनुष्याची प्रज्ञा कशी झरून जाते हें सांगतांना पाण्याच्या पखालीचें उदाहरण घेतलें आहे. दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. भांडें ज्याचें, नुकसानही त्याचेंच. घागर गळली तर घागरवाला तहानेला राहील. शेजाऱ्याला त्याचें सोयरसुतक असण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें या उपमेचा एवढा भाग आतां जुना झाला आहे. ज्या गळतीविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों ती शेतावरील जुन्या ट्रॅक्टरांतून होणारी डिझेलची गळती होय, आणि तिच्याशीं मालक, सालदार, मिस्त्री, शेजारची विहीर व उद्यांचें गिऱ्हाईक इतक्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. विषय तेलकट आहे हें आम्ही जाणतों. परंतु नीतिशास्त्राच्या वर्गांत जीं उदाहरणें दिलीं जातात तीं बहुधा बुडत्या नौकांचीं आणि खुनशी राजांचीं असतात. तसा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एकावरही ओढवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ट्रॅक्टर मात्र त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहे.

आमचा प्रश्न थोडक्यांत असा: गळती थांबली म्हणजे दुरुस्ती झाली असें म्हणतां येईल काय?

प्रश्नाचा कस लागण्यासाठीं डिझेलची वाट थोडीशी माहीत असली पाहिजे. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत आपल्याकडे जे तीन सिलिंडरांचे, तीस-पस्तीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर आले, आणि ज्यांपैकीं कित्येक अद्याप नांगरटीला जातात, त्यांत टाकी वर असते. टाकीखालीं कॉक, तेथून नळीनें डिझेल फीड पंपाकडे येतें. हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असून त्यांत एक लवचीक पडदा खालींवर होत असतो. तो डिझेल फिल्टरांत ढकलतो. गाळून निघालेलें डिझेल मुख्य पंपांत जातें, आणि हा पंप तें दीडशें-दोनशें वातावरणांच्या दाबानें जाड पोलादी नळ्यांतून एकेका सिलिंडरच्या नोझलकडे पाठवितो. तेथें जें थोडें पाझरून उरतें तें एका बारीक परतीच्या नळीनें माघारी येतें. रुडॉल्फ डीझेल याच्या इंजिनाची परीक्षा १८९७ सालच्या फेब्रुवारींत ऑग्सबुर्ग येथें झाली. ती म्यूनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्र्योटर यांनीं केली, आणि इंधनांतील शेंकडा सव्वीस भाग उष्णता कामाच्या रूपानें हातीं येते असें त्यांनीं मोजून दाखविलें. (प्राध्यापकाच्या हातून यंत्राचें कल्याण झाल्याचीं उदाहरणें थोडीं, म्हणून हें नांव आम्ही आवर्जून देतों.) त्या पहिल्या इंजिनांत इंधन फवारण्यासाठीं दाबलेल्या हवेचें अवजड साहित्य लागे, रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांतून १९२७ पासून इंधनाचे पंप मोठ्या प्रमाणावर निघूं लागले, तेव्हां लहान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. या पंपांतील दट्ट्या आणि त्याचें घर यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांनीं मोजतात. फडक्याचा एक धागा किंवा धुळीचा एक कण तेथें गेला तरी अनर्थ होतो. म्हणजे गळती काढणारा मनुष्य ज्या वाटेवर हात घालतो, तिचें एक टोक चिखलांत असतें आणि दुसरें घड्याळजीच्या मेजावर शोभेल अशा कारागिरींत असतें.

गळती शोधण्याचा पहिला नियम असा कीं, जेथें ओलें दिसतें तेथेंच दोष आहे असें मानूं नये. डिझेल नळीच्या पाठीवरून, सांध्यावरून, पंपाच्या अंगावरून ओघळत येतें आणि सर्वांत खालच्या टोकाशीं थेंब धरतें. थेंब जेथून पडतो तो भाग बहुधा निर्दोष असतो. त्याचा अपराध इतकाच कीं तो खालीं आहे. म्हणून चांगला मिस्त्री आरंभीं पाना हातांत घेतच नाहीं. तो सगळा भाग धुतो, कोरड्या फडक्यानें पुसतो, वर खडूची भुकटी उडवितो, आणि इंजिन चालू करून स्वस्थ बसतो. भुकटी जेथें प्रथम काळवंडते तेथें गळती. खडूचा सत्यशोधनाकडे इतका सरळ उपयोग आमच्या वर्गांत क्वचितच झाला असेल. जाड नळ्यांच्या बाबतींत आणखी एक पथ्य आहे: तेथें बोट लावून पाहूं नये. केसाएवढ्या चिरेंतून निघालेली धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोचल्यासारखी दिसते, वेदनाही प्रथम बेताचीच असते, आणि तरीही ती त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे नेण्याची जखम असते, नाहीं तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. जाणते लोक पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून धार पाहतात.

दोष सांपडल्यावर दुसरा मोह आवरावा लागतो, तो आवळण्याचा. गळतें आहे ना, मग आवळा, हा न्याय घरांत, शाळेंत व राज्यकारभारांतही आपण सर्रास लावतों. फिल्टरच्या सांध्यावर बोल्टाच्या दोहों बाजूंस तांब्याचे दोन पातळ वॉशर असतात. तांबें मऊ असल्यामुळें तें दाबानें बसतें आणि धातूच्या अंगावरील बारीक खांचखळगे भरून काढतें. सांधा बंद राहतो तो यामुळें. परंतु एकदां दाबलेला वॉशर टणक होतो. तो पुन्हां तसाच बसविला तर कितीही आवळला तरी गळतो, आणि आवळणाऱ्याचा हट्ट जबर असला तर शेवटीं आटे जातात. उपाय दोन: नवा वॉशर घालावा, किंवा जुनाच लालसर होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकावा. पोलाद असें केल्यानें कडक होतें; तांबें मऊ होतें. वॉशरची किंमत चहाच्या पेल्याहून फारशी अधिक नसते, आणि तेवढ्यासाठीं मोडलेले आटे आम्ही पाहिले आहेत. येथवर मतभेदाला जागा नाहीं.

आतां साबणाचा प्रश्न. टाकीच्या जोडाला बारीकशी चीर पडली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी तिच्यावर घासून बसवितात. साबण पाण्यांत विरघळतो, डिझेलांत विरघळत नाहीं. म्हणून ही युक्ति कांहीं दिवस उत्तम चालते. दाबाच्या नळीवर तिचा उपयोग नाहीं, पण टाकी आणि कॉक यांच्या आसपास तिनें पुष्कळांची लाज राखली आहे. अशा युक्तीला कांहीं लोक कौतुकानें देशी बुद्धीचें वैभव म्हणतात, तर कांहीं नाक मुरडून तिला आपल्या राष्ट्रीय आळसाचें मूळ ठरवितात. आम्हांस दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. जमिनीला वापसा आला आहे, आभाळ पुन्हां भरून येत आहे, आणि तालुक्याच्या गांवाहून टाकी झाळून आणण्यास दोन दिवस लागणार आहेत. अशा वेळीं साबण न लावतां तत्त्वनिष्ठा मिरविणाऱ्या मनुष्याला आम्ही नीतिमान् म्हणणार नाहीं. त्याची पेरणी जाईल आणि त्याच्या मुलाबाळांच्या ताटांतून ती वजा होईल. परंतु साबण लावणें हें कर्ज काढण्यासारखें आहे. अडचणींत काढलेल्या कर्जाला कोणी दोष देत नाहीं; दोष लागतो तो, कर्ज आहे हेंच विसरल्याबद्दल. आमच्या परिचयाचा एक वृद्ध मिस्त्री शेतांत असा तात्पुरता इलाज केला कीं त्या जागीं तांबड्या कापडाची चिंधी बांधीत असे. मालकाला ती दिसावयास विद्रूप वाटे. मिस्त्री म्हणे, “ती मी तुमच्यासाठीं बांधली नाहीं दादा, पुढच्या मिस्त्र्यासाठीं बांधली आहे.”

चिंधी सोडून टाकून ट्रॅक्टर बाजारांत नेला तर काय होतें, याचा निवाडा कायद्यानें करून ठेविला आहे, आणि तो नीतीला फारसा समाधानकारक नाहीं. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमांत, बोलणें हें ज्याचें कर्तव्यच नाहीं त्याचें केवळ मौन कपट ठरत नाहीं असें आहे, आणि दाखल्यादाखल एक घोडा घेतला आहे: घोडा खोडीचा आहे हें विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो लिलांवांत कांहीं बोलत नाहीं, तें कपट नव्हे. घेणारी त्याचीच नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर मात्र सांगणें त्याचें कर्तव्य होतें. कायद्यानें परक्याला आणि पोटच्या मुलीला दोन मापें लावलीं तीं व्यवहार चालावा म्हणून लावलीं. त्यावरून सज्जनानेंही दोन मापें बाळगावीं असें निघत नाहीं. साबणाखालचें मौन घोड्याच्या मौनाहून एक पायरी पुढचें आहे, कारण साबण स्वतःच खोटें बोलत असतो.

थेंबाच्या क्षुद्रतेचा युक्तिवादही नेहमीं पुढें येतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. एका मिलिलिटरला पन्नास थेंब धरले तरी चोवीस तासांत पावणेदोन लिटर डिझेल मातींत गेलें, आणि थेंब मोठे असले तर याच्या दुपटीहून अधिक. एकेका थेंबानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, म्हणून सर्व मिळूनही बिघडत नाहीं, असें मानण्याची चूक डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञानें आपल्या १९८४ च्या ग्रंथांत सविस्तर उघडी केली आहे. ती उघडी करण्यास तत्त्वज्ञ लागला याचें नवल वाटतें, कारण ट्रॅक्टर जेथें रोज उभा राहतो तेथील काळी, उगवण मेलेली जागा कोणासही दिसते. लोखंडी नांगर प्रथम आला तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनेल अशी भीति शेतकऱ्यांना वाटली, आणि किर्लोस्करांना आपले नांगर खपवितांना तिच्याशीं झगडावें लागलें. ती भीति खोटी होती. डिझेलच्या बाबतींत ती खरी आहे, आणि कोणालाच वाटत नाहीं.

परंतु ज्या गळतीनें आम्हांस हा लेख लिहावयास लावलें तिचा एकही थेंब जमिनीवर पडला नव्हता.

आमच्या माहितींतील एका बागायतदाराची गोष्ट आहे. मनुष्य व्यवस्थित, हिशेबी, कोणाचें कांहीं बुडविणारा नव्हे. टाकींत काठी घालून डिझेलची उंची मोजण्याची आणि ती वहींत टिपण्याची त्याला संवय होती. फाल्गुनाच्या अखेरीस त्याला असें आढळलें कीं संध्याकाळची खूण आणि सकाळची खूण यांत फरक पडतो. ट्रॅक्टरखालची जमीन कोरडी. नळ्या कोरड्या. शेडमध्यें रात्रीं निजणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे नऊ वर्षें त्याच्याकडे असलेला सालदार. मालकानें चार दिवस मोजमाप केलें, पांचव्या दिवशीं पारावर चार माणसांदेखत त्याला विचारलें, आणि पाडव्याला त्याचें साल पुढें धरलें नाहीं. नवा सालदार आला. त्याला पहिल्या घरची शिस्त अशी होती कीं रात्रीं टाकीचा कॉक बंद करावयाचा. दुसऱ्या दिवसापासून काठीवरच्या खुणा जुळूं लागल्या. चोरी सिद्ध झाली!

मिल्लनें आपल्या १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत भेदाची म्हणून जी पद्धति सांगितली आहे, तिचा विद्यार्थ्यांना द्यावयास याहून चांगला दाखला आम्हांस मिळालेला नाहीं. दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असून एकाच गोष्टींत भिन्न असले, तर त्या गोष्टीला कारण समजण्यास हरकत नाहीं. येथें माणूस बदलला हें मालकानें पाहिलें. कॉक बंद होऊं लागला हें त्याच्या खिजगणतींतही नव्हतें. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आणि त्यांपैकीं जी माणसाच्या शीलाशीं निगडित होती तीच त्याला दिसली, यंत्राशीं निगडित होती ती दिसली नाहीं. हें असें कां व्हावें? यंत्राचा दोष मानला तर खर्च मालकावर येतो, माणसाचा मानला तर माणसावर येतो, हें एक कारण असूं शकेल. पण तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं, कारण हा गृहस्थ पैशासाठीं खोटें मानणारा नव्हता. थेंब जसा सर्वांत खालच्या टोकाशीं जमतो तसा संशयही सर्वांत खालच्या माणसाशीं जमतो, आणि तो तेथें कसा आला हें वर चढून पाहण्याचे कष्ट प्रामाणिक माणसेंही घेत नाहींत.

वैशाखांत इंजिनाच्या ऑईलचा दाब उतरूं लागला, तेव्हां मिस्त्र्याला बोलावणें गेलें. त्यानें ऑईल पाहण्याची पट्टी बाहेर काढली. तें वरच्या खुणेच्याही दोन बोटें वर होतें. मालकाला ही गोष्ट ठाऊक होती, आणि इंजिन ऑईल खात नाहीं म्हणून तो मनांत खूषही होता. मिस्त्र्यानें पट्टी नाकाशीं नेली, बोटावर थेंब चोळला, आणि फीड पंप खोलावयास घेतला. पंपांतील पडदा फाटला होता. कॉक उघडा असला कीं टाकींतील डिझेल रात्रभर आपल्या वजनानें त्या फाटींतून इंजिनाच्या पोटांत उतरत असे. दिवसा इंजिन चालतांनाही थोडें उतरे, पण दिवसाचा खर्च कामाप्रमाणें कमीजास्त होत असल्यामुळें तें वहींत उमटत नसे. सर्व गळतींत ही घातक होय. बाहेरची गळती निदान डाग पाडते. ही गळती वाढीचें सोंग घेते: पट्टीवर ऑईल चढत असतें, आणि पातळ झालेल्या त्या ऑईलांत बेअरिंगें उघडीं पडून झिजत असतात.

नवा पडदा बसविण्यास अर्धा-पाऊण तास लागला. त्यानंतर मिस्त्री सगळें ऑईल सोडून देऊं लागला तेव्हां मालकानें हरकत घेतली. दोष निघाला, आतां ऑईल कशाला फेकावयाचें? मिस्त्र्याचें म्हणणें असें कीं, पडदा बदलल्यानें नवें डिझेल आंत जाणार नाहीं, पण जें गेलें तें आंतच आहे. तें काढल्यावांचून इंजिन चालविलें तर पडदा बदलला काय आणि न बदलला काय, सारखेंच. मालकाला तें पटलें. ऑईल सोडलें, त्याचा फिल्टर बदलला, नवें भरलें. मग फिल्टरच्या माथ्यावरील स्क्रू सैल करून, पंपाची दांडी हातानें हलवून हवा काढली. प्रथम बुडबुडे, मग फेस, मग अखंड धार. शेवटीं एकेका नोझलकडील नट सैल करून इंजिन फिरविलें आणि धार आली तसतसे ते आवळले.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस या प्रसंगीं मिळालें असें वाटतें, आणि तें मिस्त्र्याच्या तोंडून मिळालें. पडद्याच्या बाबतींत जो न्याय मालकानें मान्य केला तोच सालदाराच्या बाबतींत त्याला लागू होता. चोरीचा समज त्याच्या मनांतून गेला, म्हणजे नवा आरोप होणार नाहीं. पण केलेला आरोप गांवाच्या पोटांत तसाच राहिला होता. आम्ही त्याला तसें बोललों. त्याचें उत्तर टाकाऊ नव्हतें. तो म्हणाला, त्या वेळीं जो पुरावा समोर होता त्यावरून कोणीही हेंच अनुमान केलें असतें. प्रामाणिक अनुमान चुकलें तर तें दुर्दैव, पाप नव्हे. अनुमानापुरतें आम्हांस हें मान्य आहे. परंतु दुर्दैव कोणाचें, आणि त्याची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न त्यानें मिटत नाहीं. फुटक्या पडद्याचा दोषही मालकाचा नव्हता. खर्च मात्र त्यानेंच केला, आणि त्याबद्दल त्याला अन्याय झाल्यासारखें वाटलें नाहीं. यंत्राच्या बाबतींत आपण दोष आणि दायित्व सहज निराळीं करतों. माणसाच्या बाबतींत मात्र आपला दोष नाहीं हें ठरलें कीं आपलें दायित्वही संपलें असें धरून चालतों.

कोणत्या रीतीनें भरपाई करावी याविषयीं आमचा आग्रह एवढाच होता कीं, जेथें विचारलें तेथेंच सांगावें. आरोप पारावर आणि खुलासा घरांत, हा साबण झाला. मालक पुष्कळ दिवस टाळीत होता. शेवटीं त्यानें जुन्या सालदाराकडे निरोप पाठविला, बरोबर ज्वारीचें एक पोतें पाठविलें, आणि पुन्हां कामावर येण्याविषयीं विचारलें. पारावर तो कांहीं बोलला नाहीं. पोतें आल्या गाडीनें परत गेलें. मिस्त्री बोलका असल्यामुळें फाटलेल्या पडद्याची हकीकत गांवांत आपोआप पसरली, आणि आतां निराळें सांगण्याची गरज उरली नाहीं असें मालकाला वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि सालदारालाही वाटलें नसावें. पुढच्या पाडव्याला त्यानें नदीपलीकडच्या मळ्यावर साल धरलें. तेथें ट्रॅक्टर नाहीं, बैलजोडी आहे.